सरळ केलेला आवाज

आज जे सांगणार आहे ते माझ्या नवऱ्याला माहीत नाही, माझ्या आईला माहीत नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर ही गोष्ट ओठांपर्यंत येते आणि मी भाजीत मीठ बरोबर पडलंय का तेच विचारून मोकळी होते.

सुरुवात कुठून करू? कानापासून करते.

परभणीला कॉलेजात असताना होस्टेलवरच्या एका मैत्रिणीनं मला तिचा हेडफोन लावायला दिला. चांगला, जाड गादीचा. त्याआधी मी गाणी ऐकली होती ती मोबाइलच्या चिरक्या स्पीकरवर, नाहीतर लग्नाच्या मांडवात. हेडफोन लावला आणि गाणारी बाई एकदम माझ्या कपाळाच्या मधोमध येऊन उभी राहिली. तबला उजव्या हाताला. बासरी कुठंतरी मागं, ओढ्यापलीकडून आल्यासारखी. मी हेडफोन काढून बघितला — दोनच तर वाट्या. मग तबल्याला उजवीकडे कुणी बसवलं? बासरीला लांब कुणी पाठवलं? ते गाणं कोणतं होतं हे मला आठवत नाही. हा प्रश्न तेवढा राहिला.

लग्न होऊन मी मानवतजवळच्या या गावात आले तेव्हा कपाट-गादीबरोबर माझा लॅपटॉपही आला. नवऱ्याचं मानवतला बी-बियाण्यांचं दुकान. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. दीर शेतावर. सासूबाई लिंगपूजा आटोपून, जेवून शेजारी गप्पांना. दुपार माझी. त्या दुपारांत मी व्हिडिओ बघून बघून घरच्या घरी गाणं तयार करायला शिकले. चाल बांधायची, कीबोर्डवर वाजवायची, तबला-एकतारी कॉम्प्युटरमधली घ्यायची — एवढं जमत होतं. अडायचं ते पुढं. सगळे आवाज एकत्र लावले की नुसता चिखल. मग हळूहळू कळलं की प्रत्येकाला त्याची जागा द्यावी लागते. गाणारीचा आवाज एकतारीत बुडतोय? तर आवाज वाढवायचा नाही; एकतारीतला, आवाज जिथं अडतो तेवढाच सुरांचा पट्टा जरा खाली ओढायचा. आवाज आपोआप पुढं येतो. म्हणजे त्याला हातही लावला नाही आणि तो मोठा झाला! हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच खोलीत हसत बसले होते. हे झालं मिक्सिंग. आणि मास्टरिंग म्हणजे शेवटचा हात — गाणं मोबाइलवरही नीट वाजलं पाहिजे आणि मांडवातल्या भोंग्यावरही. माझं गाणं हेडफोनवर गोड वाजायचं आणि दिरांच्या ट्रॅक्टरवर लावलं की फाटायचं. का? मग परत लॅपटॉप, परत ट्रॅक्टर. दीर बिचारे स्टेअरिंगवर बसून विचारायचे, आता तरी बरं वाटायलंय का?

आवाज भरायला शांत जागा कापसाच्या खोलीत सापडली. वेचणी झाली की भाव येईपर्यंत आमच्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात, पार आढ्यापर्यंत. एकदा त्या खोलीत गेले आणि सहज टाळी वाजवली, तर ती परत आलीच नाही. कापसानं गिळून टाकली. व्हिडिओतली माणसं ज्यासाठी भिंतींना फोम चिकटवतात ते आमच्या घरात आयतं पडलेलं! अंगाला खाज सुटायची खरी, पण तिथं भरलेला आवाज — कानाशी तोंड आणून कुणी बोलावं तसा यायचा.

माझा स्वतःचा आवाज मात्र साधाच. हे मला रेकॉर्डिंगनं पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि घरात एक आवाज होता, जो साधा नव्हता.

शिवकांताताई माझी थोरली जाऊ, दिरांची बायको. माहेर सोनपेठकडचं, गोदावरीच्या अंगाचं. मोजकं बोलणाऱ्या. पहिलं वर्षभर मी त्यांना जरा भिऊनच होते. पण गोठ्यात एकट्या असल्या की त्या गायच्या — महादेवाची गाणी, माहेरची गाणी. कुणी आलं की बंद. मी भिंतीआड थांबून ऐकायची. त्यांचं एक होतं — त्या सुरावर थेट कधीच यायच्या नाहीत. जरा खाली थांबायच्या, मग वर चढायच्या. गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढावी तशा. मला ते ऐकायला आवडायचं, पण आवडतंय ते नेमकं काय, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी पुष्कळ मागं लागले तेव्हा एका दुपारी त्या कापसाच्या खोलीत आल्या. मीच बांधलेलं गाणं होतं — ‘बेलाच्या सावलीत बसले रे शंभो, बोलू तरी कुणाशी’. पदरावरूनच हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि गायल्या. मी ते लगेच त्यांना ऐकवलं.

“ही मी हाय?”

“तुमीच की, ताई.”

“माय गं. शेळीवानी वाटायलंय.” आणि तोंडावर पदर घेऊन हसल्या. माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच अशा हसत होत्या.

पुढं त्या स्वतःहून यायला लागल्या. भांडी झाली की हात पुसत दारात उभ्या राहायच्या — बसायचं का? गाणं भरून झालं तरी आम्ही कापसाला टेकून बसायचो. माहेरचं सांगायच्या, नदीचं, आईचं. आपल्या पोरीचं लग्न लवकर करायचं नाही म्हणायच्या. या घरात मला मैत्रीण मिळाली ती त्या खोलीत. हे लक्षात असू द्या. म्हणजे मी काय घालवलं ते नीट कळेल.

आता त्या साधनाकडे येते. सॉफ्टवेअरमध्ये सूर सरळ करायची एक सोय असते. आवाज पडद्यावर रेषेसारखा दिसतो. जिथं सूर हलला तिथं रेष हलते; माऊसनं धरून ती ओढली की सूर जागेवर. मी ताईंचं गाणं त्यात टाकलं. ‘सावलीत’ या शब्दाच्या ‘ली’वर रेष खालून वळसा घेऊन वर येत होती, वेलीसारखी. मला वाटलं — ही सरळ केली तर काय होईल? खरंच सांगते, तेव्हा मनात दुसरं काहीही नव्हतं. काय होईल, एवढंच. ओढली. सरळ झाली. मग पुढची. मग त्यापुढची. सगळ्या केल्या. वर देवळात असतो तसा घुमारा दिला, श्वास कापले. ऐकलं तर अगदी रेडिओवरच्यासारखं! मी केलेलं पहिलं गाणं, जे खऱ्या गाण्यासारखं वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ते घरात सगळ्यांना ऐकवलं. सासूबाईंनी हात जोडले. दिरांनी ट्रॅक्टरवर लावलं — फाटलं नाही. ताई कोपऱ्यात उभ्या होत्या. गाणं संपल्यावर हळूच म्हणाल्या, मी एवढं चांगलं म्हणते व्हय?

“तुमचाच आवाज आहे, ताई,” मी म्हणाले.

हे खोटं होतं का? मी यावर फार विचार केलाय. आवाज त्यांचाच होता. शब्द न् शब्द त्यांच्याच गळ्यातून आलेला. पण त्यांनी विचारलं होतं ते काही वेगळंच, नाही का? आणि ते मला कळलं होतं. तरी इथपर्यंत मी स्वतःला सोडून देऊ शकते. जे सांगायचंय ते हे नव्हे.

गाणं मोबाइलवरून मानवतला गेलं, सोनपेठला गेलं. पाहुण्यांचे फोन आले. ताईंच्या भावाचाही आला — महाशिवरात्रीला माहेरच्या देवळात बायांच्या कार्यक्रमात हेच गाणं म्हणायचं, माइकवर. ताईंनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि मग चार दिवस त्या घरात वेगळ्याच चालत होत्या. लग्नानंतर माहेरी त्या पाहुणी म्हणून गेल्या होत्या, बाळंतपणाला गेल्या होत्या. गायला म्हणून कुणी पहिल्यांदाच बोलावलं होतं.

त्यांनी सराव सुरू केला. मोबाइल फळीवर ठेवायचा, गाणं लावायचं, आणि त्याच्याबरोबर गायचं. म्हणजे काय, कळतंय ना तुम्हाला? त्या मी सरळ केलेल्या आवाजाशी स्वतःचा आवाज जुळवत होत्या.

‘सावलीत’ला थांबायच्या. परत लावायच्या. परत. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत ऐकत असायची. त्यांचा सूर खालून येतोय आणि मोबाइलमधला आधीच वर जाऊन बसलाय. त्या घाई करायच्या, तर सूर ताणला जायचा. गळ्याच्या शिरा फुगायच्या. त्यांनी ताक सोडलं, लोणचं सोडलं, तोंडात ज्येष्ठमध धरायला लागल्या. मला म्हणाल्या, “तवा जमलं आन् आता न्हाई जमायलं. असं कसं गं?”

आणि मी काय करत होते? हेच मला कुणाला सांगता आलेलं नाही. मी भीत होते, हे खरं. गावभर कौतुक झालेला आवाज जसाच्या तसा तुमचा नाही, हे तोंडानं कसं सांगायचं? पण नुसती भीती असती तर एक वेळ चाललं असतं. मला उत्सुकता होती. माणसाच्या गळ्याला ती सरळ रेष जमते का — मला बघायचं होतं. मी भाजी निवडत मनात म्हणत होते, आता जवळ आल्या. आता अर्धा सूर राहिला. त्या घाम पुसत होत्या आणि मी कान लावून बसले होते. एकदा जवळजवळ जमलं. तेव्हा मला आनंद झाला. कसला आनंद होता तो?

पुढं त्यांचा घसाच बसला. आठवडाभर सुटेना, तेव्हा दीर म्हणाले, परभणीला दाखवून या. आम्ही दोघी एसटीनं गेलो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तोंडातून बारीक कॅमेरा आत घातला. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. आणि पडद्यावर — दोन पांढऱ्या पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या. आवाज इथून निघतो! इतक्या छोट्या जागेतून? मला त्या पडद्यावरून नजर काढवेना. मनगट दुखतंय हे मला नंतर कळलं.

डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, जरा सूज आहे, ताण देऊ नका. आणि मग त्यांनी विचारलं, आवाज कधीपासून बदलला? ताई म्हणाल्या, गाणं रेकॉर्ड केलं तवा लय चांगला व्हता, त्याच्यानंतर गेला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बरोबरच्या माणसाकडे बघतात तसं, सहज. खोलीत तिघंच होतो. दार लोटलेलं होतं. याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? मी म्हणाले, हो, तेव्हापासूनच.

परत येताना ताई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “गर्व झाला व्हता मला, स्वाती. लोक चांगलं म्हणायले तर मी फुगले. म्हणून देवानं काढून घेतला.” मी त्यांचा हात धरला. होतं असं कधी कधी, ताई, म्हणाले. म्हणजे काय म्हणाले मी? की हो, देवानंच काढून घेतला असेल?

शिवरात्रीला न जाणं शक्य नव्हतं. तोड मीच काढली. गाणं स्पीकरवर लावू, म्हटलं, तुम्ही नुसतं समोर बसा, घसा बसलाय म्हणून सांगू. कुणाला काही वाटलं नाही. देवळासमोर बाया बसल्या होत्या, कपाळाला विभूती, मांडीवर पोरं. ताईंच्या भावानं गाणं लावलं. माझं मास्टरिंग त्या भोंग्यावरही स्वच्छ वाजत होतं — हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं, बघा. ताई पदर डोक्यावर घेऊन, मान खाली घालून बसल्या होत्या. स्वतःचं गाणं ऐकताना इतकं बारीक झालेलं माणूस मी पाहिलं नाही.

त्यांची आई शेजारी होती. पिकलेली, वाकलेली, पण कान शाबूत. गाणं अर्ध्यावर आल्यावर म्हातारीनं विचारलं, “कोन म्हणायलंय गं हे?”

“मीच की, आई.”

म्हातारीनं जरा वेळ ऐकलं आणि मान हलवली. “तुझा न्हाई हा. तू अशी सरळ कवा म्हणतीस?”

“तवाचा हाय, आई,” ताई म्हणाल्या. “आता गेला तो.”

मी दोघींच्या मधे बसले होते. अगदी मधे. दोघींचे गुडघे मला लागत होते.

यापुढं एक गोष्ट राहिली आहे, पण त्याआधी नंतरचं सांगून टाकते. मला थोडा वेळ हवाय. तर — ताई गात नाहीत. गोठ्यात नाही, देवघरात नाही. त्या वर्षीचा कापूस विकला गेला, पुढच्या वर्षी नवा आला, मी माइक लावला. त्या दारातून म्हणाल्या, आता दुसऱ्या कुणाचं भर. राग नव्हता त्यात. मी दुसऱ्यांची भरली. आसपासच्या गावांतून लोक येतात आता, भजनी मंडळं येतात, लग्नाची गाणी करून घेतात. मला चांगलं येतं, असं म्हणतात. येतंही.

मध्ये एकदा ताईंची मूळची फाइल उघडली होती, काहीच न केलेली. नुसता आवाज. ‘सावलीत’ला त्या खाली थांबल्या, आणि मग वर आल्या. मी ते परत ऐकलं. पडद्यावरचा तो वळसा काढून टाकला की खाली उरत काय होतं? एक बाई झाडाखाली बसली आहे आणि तिला बोलायला कुणी नाही — हे सगळं त्या वळशात होतं. सरळ केल्यावर नुसते शब्द उरले होते. मला हे तेव्हा ऐकू आलं नव्हतं. आता लख्ख ऐकू येतं. फाइल आहे अजून. ताई पलीकडच्या खोलीत असतात. हेडफोन नेऊन त्यांच्या कानाला लावायचा, एवढंच. नेला नाही.

आता राहिलेलं.

शिवरात्रीनंतर ताईंच्या माहेराहून परतताना पाथरीच्या स्टँडवर बस बदलायची होती. मानवतची बस लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो होतो, मधे ताईंच्या आईनं बांधून दिलेली पिशवी. ताई पिशवीची गाठ घट्ट करत होत्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

“स्वाती, तू कायी केलतंस का गं त्या गाण्याला?”

आणि त्या माझ्याकडे वळल्या. “आई म्हणली म्हणून इचारायले. मला त्यातलं कळत न्हाई. तू कायी केलं असंल तर सांग. मी रागावणार न्हाई.”

त्यांच्या आवाजात आशा होती. हे मला सांगितलंच पाहिजे. तक्रार नव्हती, संशयही नव्हता. मी हो म्हणावं असं त्यांना वाटत होतं. हो म्हटलं असतं तर त्यांचा गळा त्यांना परत मिळणार होता, तिथंच, त्या बाकावर. मला हे त्या क्षणी पूर्ण कळलं होतं. कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

“नाही, ताई,” मी म्हणाले. “मी काहीच केलं नाही. तुम्ही जसं गायलात तसंच आहे ते.”

त्यांनी मान हलवली. “मंग गेलाच म्हणायचा.”

बस लागली. गर्दी होती. ताई पिशवी घेऊन पुढं घुसल्या. मी मागून चढले तेव्हा, मला गाडी लागते म्हणून, त्यांनी खिडकीची जागा पदर टाकून माझ्यासाठी धरून ठेवली होती. मी तिथं बसले.